रायफलीच्या सेफ्टी कॅचवर किती विसंबावे?

आडवाट (धागाकर्ता):

चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) काडतूस भरून सेफ्टी कॅच (गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेली कळ) लावला की रायफल खांद्याला अडकवून हिंडायला हरकत नाही, असे मानणारे परवानाधारक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या विरुद्ध टोकाला असे काही जुने नेमबाज आहेत, जे सेफ्टी कॅचला हातच लावत नाहीत. रायफल एक तर रिकामी असते किंवा गोळी सोडण्यासाठी तयार असते, मधली अवस्था मानायचीच नाही, असा त्यांचा दंडक असतो. मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. त्याचे कारण एका प्रत्यक्ष उदाहरणावरून मांडतो.

अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने 1962 साली मॉडेल 700 ही बोल्ट अ‍ॅक्शन रायफल बाजारात आणली; तिचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, हाताने ओढावा लागतो. शिकारी, पोलीस आणि लष्करी नेमबाज या सर्वांनी ती वापरली आणि तिचा खप 50 लाखांच्या वर गेला. तिच्या ट्रिगरची रचना माइक वॉकर या अभियंत्याची होती. चाप (ट्रिगर) हलका आणि स्वच्छ सुटावा म्हणून ट्रिगर आणि सियर (काडतुसावर आघात करणाऱ्या फायरिंग पिनला मागे रोखून धरणारा भाग) यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक लहानशी पट्टी बसवलेली असे. ही पट्टी ट्रिगरला पक्की जोडलेली नसून केवळ स्प्रिंगच्या दाबाने त्याला टेकलेली राही. गोळी सुटताना ती ट्रिगरपासून क्षणभर दूर होई आणि पुन्हा जागेवर येई. त्या फटीत धूळ, घट्ट झालेले तेल किंवा ओलाव्याचा बर्फ अडकला, तर पट्टी पूर्णपणे जागेवर येत नसे आणि सियरला खालून मिळणारा आधार नाममात्र उरे किंवा अजिबात उरत नसे.

या रचनेत सेफ्टी कॅच लावला की तो सियरला किंचित वर उचलून धरी, आणि फायरिंग पिनचा सगळा जोर त्याच्यावर तोलला जाई. आधार सरकला आहे, हे बाहेरून कळायला काहीही मार्ग नव्हता. सेफ्टी काढण्यासाठी कॅच पुढे सरकवला की सियर खाली येई, त्याला अडवायला काही नसे, आणि ट्रिगरला बोट न लागताही बार उडे. त्यात भर म्हणजे 1982 पर्यंतच्या रायफलींत सेफ्टी लावला की बोल्टही अडकत असे, त्यामुळे चेंबरमधले काडतूस बाहेर काढायचे तर आधी सेफ्टी काढणे भागच होते. रायफल रिकामी करणे या सर्वांत निरुपद्रवी वाटणाऱ्या कृतीतच धोका दडलेला होता.

2000 साली मॉन्टाना राज्यात शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबात हेच घडले. आईने रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढला, गोळी सुटली, घोडे वाहून नेण्याच्या ट्रेलरमधून आरपार गेली, आणि ट्रेलरच्या पलीकडे असलेला 9 वर्षांचा मुलगा दगावला. नळीसमोर कोणी दिसत नाही, एवढ्यावरून ती दिशा सुरक्षित ठरत नाही, हे या घटनेतून कळते. पत्रा, लाकडी फळी किंवा विटेची पातळ भिंत यांमुळे माणूस नजरेआड होतो, पण रायफलीची गोळी त्यांना जुमानत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. सेफ्टी कॅच प्रत्येक वेळी लावावा, परंतु तो आत्ता या क्षणी निकामी ठरला तरी कोणाला इजा होणार नाही, अशाच रीतीने रायफल धरावी. आणि सेफ्टी काढताना तर रायफल उडणारच आहे असे गृहीत धरावे. जाणकारांनी आपापली मते मांडावीत.

जुना आर्मरर:

मांडणी योग्य आहे, परंतु सगळे सेफ्टी कॅच एकाच प्रकारचे नसतात, आणि यावर चर्चा होताना हा फरक नेहमी निसटतो. काही सेफ्टी केवळ ट्रिगरला हलू देत नाहीत, काही सियरला अडवतात, तर काही थेट फायरिंग पिनला किंवा तिच्या मागच्या कॉकिंग पीसला मागे पकडून ठेवतात. पहिल्या प्रकारात ट्रिगर जखडलेला असतो खरा, पण झिजलेला सियर एखाद्या दणक्याने निसटला तर पुढे त्याला थोपवणारे काही नसते. तिसऱ्या प्रकारात सियर निसटला तरी पिन जागची हलत नाही, आणि म्हणून माझ्या दृष्टीने तोच खरा भरवशाचा.

माउझर 98 च्या बोल्टच्या मागच्या टोकाला पंखासारखी कळ असते. ती डावीकडे असताना गोळी सुटते, उभी केली की पिन अडकते पण बोल्ट उघडतो, आणि उजवीकडे झुकवली की पिन आणि बोल्ट दोन्ही अडकतात. उभ्या अवस्थेचे मोल फार मोठे आहे, कारण सेफ्टी लागलेला असतानाच काडतुसे बाहेर काढता येतात. 1936 साली आलेल्या विंचेस्टर मॉडेल 70 मध्येही अशीच तीन अवस्थांची रचना आहे. वर वर्णन केलेला अपघात या रायफलींत त्या मार्गाने घडू शकत नाही.

आता आपल्या घरचे पाहू. इशापूरच्या कारखान्यातील .315 स्पोर्टिंग रायफल ली-एनफिल्डच्या धर्तीवर बनलेली आहे. ली-एनफिल्डचा सेफ्टी डाव्या बाजूला असतो, मागे ओढला की लागतो आणि पुढे ढकलला की निघतो. तो कॉकिंग पीसला धरतो, ही जमेची बाजू. परंतु तो बोल्टही अडकवतो, आणि त्यामुळे रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढावाच लागतो. यात वॉकर ट्रिगरचा दोष नाही, हे स्पष्ट सांगतो, तरी सियरची धार झिजली असेल किंवा कोणी घासून ठेवली असेल, तर सेफ्टी काढताना पिन पुढे धावण्याची शक्यता राहतेच. ही रायफल रिकामी करताना नळीचे तोंड मोकळ्या, मऊ जमिनीकडे असले पाहिजे. घरात, गाडीत किंवा पडवीत बसून हे काम करू नये.

दुनळी बारा बोअर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुठीवरचा सरकता सेफ्टी बहुतेक दुनळ्यांत फक्त ट्रिगर अडवतो, आतल्या घोड्यांना (काडतुसावर आघात घडवणाऱ्या भागांना) धरत नाही. उंची बनावटीच्या काही बंदुकींत घोडा निसटल्यास त्याला वाटेत अडवणारा जादा सियर असतो, पण आपल्याकडच्या साध्या बंदुकींत तो मिळणे दुर्मीळ. त्यामुळे भरलेली दुनळी आदळली तर सेफ्टी लावलेला होता, या सबबीला काही अर्थ उरत नाही.

कातळसडा:

मी कोकणातला शेतकरी आहे आणि माझ्याकडे पीक संरक्षणासाठीचा परवाना आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय रानडुकरावर गोळी झाडता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहेच, त्यामुळे तो विषय येथे काढत नाही. माझी अडचण व्यवहारातली आहे. भात पोटरीला आले की रात्री माळ्यावर राखणीला बसावे लागते. चेंबर रिकामे ठेवा हा सल्ला ऐकायला उत्तम, परंतु डुक्कर बांधावर आल्यावर बोल्ट ओढला तर तो आवाज ऐकून ते थांबत नाही. सेफ्टीचा खटका वाजला तरी तीच गत होते. असे असताना माळ्यावर बसलेल्या माणसाने नेमके काय करावे, हे कोणी स्पष्ट सांगेल काय?

शिवाय आमच्याकडे अजूनही ठासणीच्या बंदुका आहेत, ज्यांना सेफ्टी कॅच नावाचा प्रकारच नसतो. बार पेटवणारी टोपी बसवलेली असताना घोडा तिच्यावर टेकलेला राहिला आणि बंदूक आपटली, तर बार उडतो. या बंदुका बाळगणाऱ्यांना सेफ्टी कॅचवरचे हे सगळे विवेचन निरुपयोगी वाटेल.

दहा मीटर:

मी रेंजवर मुलांना शिकवतो, त्यामुळे माझी बाजू थोडी निराळी आहे. स्पर्धेतल्या अनेक रायफलींना सेफ्टी कॅच नसतोच, आणि जिथे असतो तिथेही आम्ही त्याच्यावर काहीही अवलंबून ठेवत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलीत झळझळीत रंगाचा सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) घातलेला असावा लागतो, आणि परवानगीचा आदेश मिळेपर्यंत तो काढता येत नाही. एअर रायफलीच्या बाबतीत तर या खुणेची दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून जाऊन तोंडाबाहेर दिसावी लागते. चेंबर रिकामे आहे हे वीस पावलांवर उभ्या असलेल्या पंचालाही दिसते, आणि हीच या पद्धतीची खरी ताकद आहे. सेफ्टी लागला आहे की नाही, हे मात्र फक्त रायफल हातात धरणाऱ्याला कळते, आणि पुष्कळदा त्यालाही नीट कळत नाही.

तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे कोल्हापूरकडची पुष्कळ मुले या खेळाकडे वळली आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या घरच्या शेतावरची रायफल हातात घेतली, तर रेंजवरची एक सवय त्यांनी सोबत न्यावी, आणि ती म्हणजे रायफल दुसऱ्याच्या हाती देताना बोल्ट उघडा असणे. आमच्याकडे बोल्ट बंद असलेली रायफल कोणी पुढे केली, तर घेणारा ती घेतच नाही. मी या बाबतीत दुराग्रही आहे, असे पालक म्हणतात, आणि ते खरे आहे.

मिसूलाकर:

मी मॉन्टानात राहतो आणि दर हेमंतात हरणाच्या व एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातो. येथे ती परवान्याने रीतसर करता येते. 2000 सालच्या त्या घटनेची आठवण येथील शिकाऱ्यांना आजही आहे. धागाकर्त्यांच्या लिखाणात थोडी भर घालतो.

कंपनीने वॉकर ट्रिगरमध्ये मुळातला दोष असल्याचे मान्य केले नाही. देखभालीकडे दुर्लक्ष आणि मालकांनी केलेली छेडछाड, ही कारणे ती पुढे करत राहिली. तरीही पुढे झालेल्या सामूहिक दाव्यातील तडजोडीत सुमारे 75 लाख बंदुकांचा समावेश झाला आणि पात्र मालकांना ट्रिगर विनामूल्य बदलून देण्याचे ठरले. न्यायालयाने ती तडजोड 2017 मध्ये मंजूर केली. दरम्यान कंपनीने आणलेला नवा एक्स-मार्क प्रो ट्रिगरही 2014 मध्ये परत मागवावा लागला. 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेल्या रायफलींत जुळणीच्या वेळी चिकट द्रव्य प्रमाणाबाहेर लागले होते आणि त्यामुळे बार उडण्याचा धोका होता. रचना सुधारली म्हणून निश्चिंत राहता येत नाही, हे सांगण्यासाठी हा तपशील देत आहे.

आणखी एक बाब भारतातल्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत मिक्सर किंवा पाळणा सदोष निघाला, तर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा आयोग तो बाजारातून मागे घ्यायला लावू शकतो, परंतु 1972 च्या संबंधित कायद्यातून बंदुका वगळलेल्या आहेत. त्यामुळे सदोष ट्रिगर परत मागवायचा की नाही, हे प्रामुख्याने उत्पादक आणि न्यायालये यांच्यावर सोपवलेले आहे.

मात्र सेफ्टी कॅचला हातच न लावणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. दाट झुडपातून जाताना फांदी, जॅकेटची दोरी किंवा हातमोज्याचे बोट ट्रिगरमध्ये अडकते, आणि अशा प्रसंगी सेफ्टी जीव वाचवतो. भरवसा ठेवण्यासारखे नाही म्हणून वापरायचेच नाही, हा तर्क मला कधी समजला नाही. माझा क्रम असा असतो: गाडीपासून जंगलापर्यंत चेंबर रिकामे, मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरलेले. जनावर नजरेच्या टप्प्यात येण्याची शक्यता असेल तेव्हाच चेंबरमध्ये काडतूस, आणि सेफ्टी लावलेला. कुंपण ओलांडताना, ओढा उतरताना, झाडावर चढताना चेंबर पुन्हा रिकामे. जर्मनीतल्या शिकाऱ्यांना तर अपघात-प्रतिबंधक नियमांनुसारच अडथळा ओलांडताना आणि मचाणावर चढता-उतरताना चेंबर रिकामे ठेवावे लागते.

आडवाट:

मिसूलाकरांचा क्रम पटला. कातळसडा यांच्या प्रश्नाचे उत्तर आर्मरर साहेबांनी द्यावे, पण त्याआधी ब्लेझरचा उल्लेख करतो. या जर्मन कंपनीने 1993 च्या आर93 आणि 2008 च्या आर8 या रायफलींत नेहमीचा सेफ्टी कॅच ठेवलाच नाही. त्याऐवजी फायरिंग पिनची स्प्रिंगच ढिली असते, आणि गोळी झाडायच्या क्षणी अंगठ्याने कळ पुढे ढकलून ती ताणावी लागते. चेंबरमध्ये काडतूस असले तरी पिनला पुढे फेकणारी शक्तीच साठवलेली नसते. ताणलेल्या स्प्रिंगला अडवून धरण्यापेक्षा ती ताणायचीच नाही, हा विचार मला अधिक निर्मळ वाटतो. किमतीमुळे त्या आपल्या आवाक्याबाहेर आहेत, हे वेगळे सांगायला नको.

जुना आर्मरर:

कातळसडा, तुमच्या प्रश्नात वेळेचा मुद्दा मिसळला आहे, तो आधी वेगळा करू. डुक्कर आल्यावर बोल्ट ओढायची गरज नाही आणि चेंबर भरलेले ठेवून माळ्यावर चढायचीही गरज नाही. रायफल पूर्ण रिकामी असताना आधी तुम्ही चढा. नंतर बोल्ट उघडा ठेवून बांधलेली रायफल दोरीने वर ओढून घ्या, दस्ता वर आणि नळीचे तोंड जमिनीकडे. बैठक जमली, सोबतचा माणूस कुठे बसला आहे हे पाहून घेतले, की चेंबर भरा आणि सेफ्टी लावा. आवाज व्हायचा तो तेव्हाच होऊन जातो, जनावर यायला अजून अवकाश असतो. उतरण्यापूर्वी हाच क्रम उलटा, आणि रिकामी करताना नळी माळ्याच्या फळीकडे नव्हे तर बाहेर, मोकळ्या मातीकडे.

खटक्याच्या आवाजाबद्दल: ली-एनफिल्डची कळ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून हळूहळू पुढे नेली तर ती आवाज न करता बसते. त्यासाठी रायफल खांद्याला लागलेली आणि नळी लक्ष्याच्या दिशेने असायला हवी. बोट ट्रिगरवर नको. सेफ्टी काढणे ही नेम धरण्याच्या क्रियेतली शेवटून दुसरी पायरी आहे, झुडूप हलले म्हणून करायची पहिली हालचाल नव्हे. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत, आणि तिथे कोणताही सेफ्टी कॅच कामी येत नाही. प्रकाश पाडून जनावर पूर्ण दिसल्याशिवाय कळीला हात लावू नये.

ठासणीच्या बंदुकीबाबत तुमचे म्हणणे बरोबर आहे. तिथे माळ्यावर बसल्यानंतरच टोपी बसवणे आणि उतरण्यापूर्वी ती काढणे, एवढाच उपाय आहे. घोडा अर्ध्यावर उभा राहतो ती खाच झिजलेली असेल, तर ती बंदूक वापरूच नये.

कातळसडा:

चढण्या-उतरण्याचा क्रम समजला, आभारी आहे. सेफ्टी कॅच ठीक आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येते काय?

जुना आर्मरर:

येते, पण निष्कर्ष काढताना संयम हवा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोट घालून चाचपा, आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवू नका. बोल्ट बंद करून सेफ्टी लावा, ट्रिगर चांगला जोर देऊन ओढा आणि सोडा. मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. या क्षणी खट् असा आवाज होऊन पिन पुढे गेली, तर ती रायफल तिथेच बाजूला ठेवायची. नाही गेली, तर सेफ्टी काढलेल्या अवस्थेत बोल्ट नेहमीपेक्षा जोराने बंद करून पाहा, पिन तेव्हाही मागेच थांबली पाहिजे. शेवटी ट्रिगर ओढून पिन सुटते याची खात्री करा. .22 रिमफायर (जिच्यात पिन काडतुसाच्या कडेवर आदळते) असेल तर चेंबरमध्ये वापरलेले केस किंवा स्नॅप कॅप (सरावाचे निष्क्रिय काडतूस) घालूनच हे करा, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

चाचणीत नापास झालेली रायफल निश्चितपणे सदोष असते. पास झालेली मात्र केवळ त्या वेळेपुरती ठीक असते. वॉकर ट्रिगरबाबतही तीच पंचाईत होती: घटनेनंतर तपासलेली रायफल दर वेळी तो दोष पुन्हा दाखवीलच असे नसे.

दहा मीटर:

यात एक भर घालतो. चाप जड वाटतो म्हणून स्थानिक कारागिराकडून सियर घासून घेण्याची खोड आपल्याकडे आहे. चाप हलका होतो, आणि सियरची पकडही तेवढीच कमी होते. सेफ्टीची रचना कारखान्यातील मापांवर बेतलेली असते, ती मापे बदलल्यानंतर तिच्याकडून जुन्या वागणुकीची अपेक्षा करणे चुकीचे आहे. वापरलेली रायफल विकत घेणाऱ्यांनी हे आधी तपासावे. शस्त्र नियम, 2016 मध्ये अर्जदारासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. तिथे ट्रिगरची ही अंतर्रचना उघडून दाखवली, तर निम्मे गैरसमज जागीच दूर होतील.

मिसूलाकर:

तेलाबद्दलही लिहायला हवे. ट्रिगरच्या पेटीत जाड तेल ओतणे ही येथील थंडीत सर्रास आढळणारी चूक आहे. ते गारठून घट्ट होते आणि सियर, सेफ्टी सर्वच मंदावते. कोकणातल्या दमट हवेत तेच तेल धूळ आणि भाताचा कोंडा धरून ठेवत असेल, असे वाटते.

कातळसडा:

अगदी तसेच होते. मळणीच्या दिवसांत पडवीत टांगलेल्या रायफलीच्या कळीपाशी तेल आणि कोंडा मिळून काळा राप बसतो. आता ती घरात, बोल्ट वेगळा काढून कपाटात ठेवतो. वर दिलेली तपासणी आज केली. पिन दोन्ही वेळा जागेवर राहिली, परंतु सेफ्टीची कळ मागच्या टोकाला नीट न अडकता किंचित परत पुढे सरकते. आर्मरर साहेब, हा कळीच्या स्प्रिंगचा दोष समजावा की आतल्या खाचेचा?

जुना आर्मरर:

कळीला बाहेरून दाबून धरणारी स्प्रिंग पट्टी सैल झाली की असे होते, आणि खाच झिजली तरी असेच होते. नुसते पाहून दोन्हींतला फरक सांगता येणार नाही. ली-एनफिल्डची घडण माहीत असलेल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे रायफल बोल्ट वेगळा करून न्या. तोपर्यंत माळ्यावर ती नेऊ नका, डबे वाजवून राखण करा.